अलिनाफेची प्रतवारी

ब्लँटायर, १७ ऑगस्ट २००३

दादा,

तुम्ही घरचे सगळे बरे उठला असाल, तर मीही बरी उठले. बटाटे पोचले. निम्मे बसमध्येच मऊ झाले होते, पण राहिलेल्यांना चव घरची होती. आईला तसंच सांगा, मऊ झाल्याचं सांगू नका.

लिहायचं कारण माझी अलिनाफे. येत्या जानेवारीत ती पहिलीत जाणार. दोन वर्षं तुमच्या तिथल्या चर्चच्या बालवाडीत जाते आहे आणि तिथे नक्की काय शिकवतात याचा मला पत्ता नाही. गेल्या ईस्टरला मी आले होते तेव्हा तिला येशूची गाणी ढीगभर येत होती, पण स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. इथे आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या टेकडीवर एक शाळा आहे. नर्सांच्या मुलांसाठी तिथे थोड्या जागा राखून ठेवतात. डिसेंबरात मोठ्या बाई मुलांना एकेक करून समोर बसवतात आणि स्वतः पारखून घेतात. माझ्याबरोबर वॉर्डात फायनेस म्हणून आहे, तिचा मुलगा आत्ताच रंग, वार, प्राणी सगळं इंग्रजीत पोपटासारखं म्हणून दाखवतो. मी ऐकते, कौतुक करते आणि घरी येऊन मला जेवण जात नाही.

तर तुम्ही स्वतः एकदा बालवाडीत जाऊन बघा. पाळकांना विचारू नका, ते ‘देवाच्या कृपेने उत्तम’ म्हणतील. शिकवायची पद्धत कशी आहे, आपली पोर शाळेसाठी तयार आहे का, एवढंच सांगा. दोन्ही ठीक असेल तर ती आईजवळच राहू दे, तिथल्याच मिशनच्या शाळेत जाईल. नसेल तर मी तिला इकडे आणणार. ती मला जवळ हवी आहे हे काही मी लपवत नाही, पण आईच्या कुशीतून ओढून आणायची तर त्याला सबळ कारण हवं.

तिचे वडील जोहान्सबर्गला, त्यांच्या घरच्यांचा यात काही संबंध नाही. तुम्ही तिचे मामा, आपल्या रीतीने शेवटचा शब्द तुमचा. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला हलवणार नाही.

आईची तब्येत कशी आहे?

मेलेसी

*

देड्झा, १४ सप्टेंबर २००३

मेलेसी,

आम्ही बरे उठलो, तूही बरी ऊठ.

मी आयुष्यभर लिलॉन्ग्वेच्या लिलावात तंबाखूची प्रत लावली. पान दुमडायचं, वास घ्यायचा, गासडीत कोपरापर्यंत हात घालायचा. वरून सोनेरी पानं लावून मधे कुजकी लपवणारे शेतकरी माझ्याकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. तेव्हाच मला कळायचं. त्यामुळे बालवाडी पारखायला मला दुसऱ्या कुणाची गरज नाही. मी कोट घालून गेलो.

आधी पद्धत. प्रत खालची.

चर्चच्या मागच्या पडवीत चटया टाकलेल्या असतात. बाई म्हणजे एनिफा ग्वाझा, त्या लोहाराची सून. फळा आहे, पण तो भिंतीला टेकवून ठेवलेला आणि त्यावर कोंबडी बसलेली. मुलं ताटलीतल्या पिठात बोटाने अक्षरं काढतात. बाटल्यांची झाकणं मोजतात, मोजताना भांडतात. मग पेज पितात. मग गोष्ट. त्या दिवशी नोहाच्या तारवाची होती. इथवर ठीक. पण गोष्ट सांगून झाल्यावर ही बाई मुलांनाच विचारते, “तारवात सिंहाने बकरी का खाल्ली नाही?” एक म्हणाला, सिंहाला बोट लागली असेल. दुसरा म्हणाला, नोहाच्या बायकोने त्याला वाटेत शिजवून खायला घातलं असेल. एक चिमुरडी उठून म्हणते, “बाई, तुम्हीच काल म्हणालात की देव सगळ्यांना खायला देतो, मग सिंहाला काय दिलं?” आणि बाई काय म्हणाली? “हे मला सुचलंच नव्हतं. आपण सगळे विचार करू या.”

पाळक दाराशी उभे होते. त्यांच्या देखत! आपण लहान असताना असं विचारलं असतं तर आपल्याला पेज नव्हे, वेत मिळाला असता. मोठ्यांना उलटं विचारायला शिकवणारी शाळा ही शाळा नव्हे, बाजार.

आता मुलगी. प्रत पहिली.

मी आत पाऊल टाकलं तशी तीच एकटी गप्प झाली. उठून आली, गुडघे टेकले, दोन्ही हात जोडून हलकेच टाळी वाजवली, नजर खाली. मी तिला चार प्रश्न विचारले. बकरीला पाय किती, माझ्या कोटाचा रंग कोणता, वगैरे. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. मामाच्या तोंडाला लागणारी पोर नव्हे ती. मामाला स्वतःचा कोट दिसत नाही काय, की पोरीने त्याला रंग सांगावा? बाजूची पोरं “काळा! काळा!” म्हणून ओरडत होती. ही दगडासारखी बसून राहिली. मला अभिमान वाटला, स्पष्टच सांगतो.

तेव्हा माझं मत असं, की बालवाडी सुमार आहे, पण तिने पोरीला बिघडवलेलं नाही. ती शाळेसाठी तयार आहे. इथेच राहू दे.

आई ठीक आहे. तुझं पत्र तिने माझ्याकडून वाचून घेतलं. चुलीच्या धुराने डोळे दमतात म्हणते.

झाकेयो

*

ब्लँटायर, ५ ऑक्टोबर २००३

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तुम्ही जिथे पहिली प्रत लावलीत तिथेच मला भीती वाटते. पाच वर्षांचं मूल चार प्रश्नांना तोंड उघडत नाही! आमच्या वॉर्डात अशी मुलं येतात. कुणाच्या कानात बिघाड असतो, कुणाला ताप डोक्यात गेलेला असतो. तुम्ही एवढं करा. तिची पाठ असताना मागे चमचा पाडा. वळते का बघा आणि मला लगेच कळवा.

आणि समजा ऐकू येतं. तरी इथे काय होणार? मोठ्या बाई विचारतील “हे काय आहे?” आणि ही गुडघे टेकून फरशीकडे बघत बसेल. फायनेस सांगते, गेल्या वर्षी उत्तर न देणाऱ्या मुलांना एक बिस्किट देऊन बाहेर पाठवलं. आपल्याकडे ज्याला वळण म्हणतात त्याला इथे मठ्ठपणा म्हणतात, दादा. मी ते स्वतः भोगलं आहे. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत मी खाली बघून उभी राहिले होते, आणि परीक्षकाने लिहिलं, ‘अभ्यास नाही.’

तो सिंहाचा प्रश्न मात्र मला फार आवडला. मी इथे जेवताना नर्सांना विचारला, तर त्या वॉर्डाची घंटा होईपर्यंत भांडत होत्या. बाजार म्हणा हवं तर, पण ती बाई मला भेटायला हवी होती.

मी मुलाखतीला अलिनाफेचं नाव घातलं आहे. तुमचा शब्द यायच्या आधीच घातलं, रागावू नका. त्यांनी घेतली तर इकडे, नाही घेतली तर तुमच्या मनासारखं, ती आईजवळ राहील. तोवर तिला रोज समोर बसवा, डोळ्यात बघायला लावा, प्रश्न विचारा, बोलायला लावा. तुम्ही मामा आहात, तुमच्यासमोर बोलली तर कुणासमोरही बोलेल.

धुराने डोळे एवढे दमत नाहीत. लाल होतात का? पाणी येतं का?

मेलेसी

*

देड्झा, १६ नोव्हेंबर २००३

मेलेसी,

चमचा पाडला. ती वळली, तिने तो उचलला, धुतला आणि मला परत दिला, दोन्ही हातांनी. कान शाबूत आहेत.

बोलायला लावण्याचं सांगतो. मी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणालो, “माझ्या डोळ्यात बघ.” तिने आजीकडे बघितलं. मी म्हणालो, “भिऊ नकोस, तुझ्या आईनेच सांगितलंय.” तिने माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत नजर आणली, तिथून वर काही येईना. मी विचारलं, “ही काय आहे?” आणि कोंबडी दाखवली. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी. आई चुलीपाशून म्हणाली, “झाकेयो, तुला म्हातारचळ लागलाय का? कोंबडी कोंबडी आहे हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.” तिथे ती शिकवणी संपली. नंतर दोनतीनदा बसवलं, पण मी फार जोर लावला असं म्हणणार नाही.

मग एनिफाला गाठलं. म्हणालो, “तुझी पद्धत मला पसंत नाही, पण पोर बोलती करायची आहे.” ती हसली. म्हणाली, “मालक, तुम्ही कोट घालून समोर बसता. एकदा कोट काढून मागे बसा.” मी कोट काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी पडवीच्या भिंतीमागे विटांच्या ढिगावर जाऊन बसलो. लोकांनी पाहिलं. सांगितलं की विटा मोजतोय.

त्या दिवशी गोष्ट यरीहोच्या आंधळ्याची, बार्तीमयाची होती. गोष्ट संपल्यावर एनिफाने कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड सोडून एका पोराच्या डोळ्यांवर बांधलं. दुसऱ्याने त्याला नुसतं सांगून पडवीभर फिरवायचं, हात लावायचा नाही. पोरं काय सांगणार! “इकडे! तिकडे! तिथे रे!” आंधळा पेजेच्या पातेल्यात पडता पडता वाचला. मग एक आवाज आला, खणखणीत, थांबून थांबून. “आता तुझ्या उजव्या पायासमोर चटईची कड आहे, थोडी वर वळलेली. पाय उचल. आता खांब आहे, त्याला खरखरीत रंग आहे, तुझ्या कोपराला लागेल. बाई, तुम्ही मधे उभ्या आहात, जरा सरका, त्याला दिसत नाही ना.”

बाईला सरकायला सांगितलं! मी मनात म्हटलं, ही कुणाची आगाऊ कार्टी? डोकावून पाहिलं तर आपली अलिनाफे.

तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, मेलेसी. माझ्या अंगणापलीकडच्या घरात ती राहते आणि मी तिचा आवाज ओळखला नाही. मला वाईट वाटलं.

एनिफा म्हणते, या खेळात तिचा हात कुणी धरत नाही. असेल. तिला सराव आहे. म्हणजे खेळाचा.

मुलाखतीला तिला चर्चच्या महिला मंडळाच्या बायकांबरोबर पाठवतो, त्या मेळाव्याला ब्लँटायरला येणार आहेत. पांढऱ्या झग्यांचा घोळका दिसला की त्यात शोध. आईला पेरणी टाकून प्रवास झेपणार नाही आणि तू रजा काढून यायची गरज नाही. माझ्या अंदाजाने ती तिथे बोलणार नाही, आणि नाताळाआधी परत येईल. आईने पोरीची झोपायची चटई गुंडाळू दिलेली नाही.

झाकेयो

*

ब्लँटायर, १४ डिसेंबर २००३

दादा,

अलिनाफे पोचली. महिला मंडळाने तिला वाटेत इतकी भाजलेली कणसं चारली की पहिली रात्र पोट चोळण्यात गेली. आता बरी आहे.

काल मुलाखत झाली. सविस्तर लिहिते, कारण त्यातल्या एका गोष्टीचं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

मोठ्या बाई वयाने आपल्या आईएवढ्या. फरशी इतकी चकचकीत की अलिनाफेने आधी चपला काढल्या. मग गुडघे टेकले, टाळी वाजवली, नजर खाली. बाईंनी इंग्रजीत नाव विचारलं. गप्प. आपल्या भाषेत विचारलं. गप्प. एक चित्र पुढे केलं, “हे काय आहे गं बाळा?” चित्रात गाय होती, खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ती गायच होती. अलिनाफे फरशीकडे बघत राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. बाईंनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि बिस्किटांचा डबा जवळ ओढला. माझं सगळं संपलं असं मला वाटलं.

मग त्यांनी डोळे चोळायला चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. परत घ्यायला गेल्या, तर हात भलतीकडेच चाचपडायला लागला. डब्यावरून, कागदांवरून, असा, बोटं पसरून. चष्म्याशिवाय त्यांना फारसं दिसत नसावं.

अलिनाफेने मान वर केली. तो हात बघितला. आणि तुम्ही लिहिलं होतंत तसा, खणखणीत, थांबून थांबून, तिचा आवाज आला. “आजी, हात डावीकडे न्या. आता फुलदाणी लागेल, ती पातळ आहे, हळू. तिच्या मागे तुमचा चष्मा आहे, काड्या वर करून पडलाय.”

बाईंनी चष्मा घेतला, पण घातला नाही. हातातच धरून म्हणाल्या, “आणि हे चित्र? मला नीट दिसत नाही.” बाई मोठ्या हुशार आहेत, दादा. मग काय विचारता! “ही गाय आहे. तपकिरी आहे, पोटाखाली पांढरी. एक शिंग मोडलंय किंवा चित्र काढणारा ते काढायला विसरलाय. ती खात नाहीये, कुणाची तरी वाट बघतेय. मागे चार झाडं आहेत आणि एकाच्या खाली माणूस झोपलाय, त्याला गाय दिसत नाही.” एकामागून एक साऱ्या चित्रांचं सांगितलं. झाकणं नसताना बोटांवर मोजलं. शेवटी स्वतःहून म्हणाली, “तुमच्या बाहीला शाई लागलीय. सकाळी कुणी सांगितलं नाही का?”

बाईंनी तिला घेतलं. माझ्यासमोर कागदावर सही केली. म्हणाल्या, इतकी वर्षं मी मुलं घेतेय, सगळी मला माहिती सांगतात, हिने मला दाखवलं. कुठल्या बालवाडीत होती ही? मी तुमच्या सुमार बालवाडीचं नाव सांगितलं.

घरी येताना मी तिला विचारलं, “तू आधी का बोलली नाहीस?” ती म्हणाली, “आधी त्यांना दिसत होतं ना. ज्यांना दिसतं त्यांना सांगायचं नसतं.” मी विचारलं, “आणि ज्यांना दिसत नाही त्यांना?” म्हणाली, “त्यांना सगळं सांगायचं. नाहीतर आजी भाजेल.”

दादा, मी रस्त्यातच थांबले.

डोळे धुराने दमतात म्हणालात. पेरणीमुळे प्रवास झेपणार नाही म्हणालात. गासडीत हात घालून कुजकं पान काढणारे तुम्ही, तुमच्या पत्राच्या मधोमध तुम्ही काय लपवलंत? आईला कधीपासून दिसत नाही? माझी मुलगी तिथे राहते म्हणून मी समजत होते की आई तिला सांभाळते आहे.

मुलगी अजून माझ्याजवळ आहे. शब्द अजून तुमचाच आहे. पण आधी खरं लिहा.

मेलेसी

*

देड्झा, ११ जानेवारी २००४

मेलेसी,

तू म्हणतेस ते खरं. मी जमिनीकडे बघत होतो.

गेल्या वर्षीच्या कापणीपासून, तू ईस्टरला येऊन गेलीस त्यानंतर. आधी एक डोळा, मग दुसरा. बुबुळावर साय धरली आहे, भाताच्या पेजेवर धरते तशी. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. मला तिने बजावलं होतं, “मेलेसीला कळवशील तर याद राख. ती नर्स आहे, पहिल्या बसने येईल आणि म्हणेल, आंधळी म्हातारी पोर कशी सांभाळणार, आण तिला इकडे.” ते खरंच होतं, तू तसंच म्हणाली असतीस आणि तुझं बरोबरच असतं. मी गप्प राहिलो, कारण मला दोघींना तोडायचं नव्हतं. पोर कणग्यातून मक्याचं पीठ काढून द्यायची, त्या पिठाची न्सिमा ढवळताना वाफ किती आली ते सांगायची, भोपळ्याच्या पानातली अळी वेचायची. मी अंगणापलीकडून बघायचो आणि म्हणायचो, चाललंय की.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. चष्म्याच्या जागी आलो तेव्हा तिने चूल फुंकणं थांबवलं. शेवटी म्हणाली, “म्हणजे माझे डोळे नेऊन तिने परक्या बाईला दिले.” मला वाटलं रडणार. तर हसायला लागली. म्हणाली, “मला वाटायचं ती मला मदत करते. तिचा अभ्यास चालला होता.” मग स्वतः उठून, भिंत धरत धरत गेली आणि अलिनाफेची चटई गुंडाळली.

तेव्हा शब्द असा. मुलगी तिथेच शाळेत जाईल. हा मामाचा शब्द, पण आईचा आधी. तुमच्या हॉस्पिटलात ही साय काढायची शस्त्रक्रिया होते म्हणतात, तिला ती तयार आहे, मात्र मका घरात आल्यावर, मे महिन्यात. त्याआधी खेचायला आलीस तर काठी घेऊन बसेन म्हणते. काठी मीच करून दिली आहे.

एनिफाला सगळं सांगितलं. ‘सुमार’ शब्द मागे घेतला, तिला तो माहीतही नव्हता, आता झाला. सिंहाचं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही. पाळकांनी त्यावर प्रवचन केलं, पोरांना पटलं नाही.

आता आईचं सगळं मी बघतो. म्हणजे बघायला सांगितलं आहे. पहिल्या सकाळी तिने विचारलं, “अंगणात काय आहे?” मी बघितलं आणि म्हणालो, “काही नाही.” ती म्हणाली, “अलिनाफेला रोज काहीतरी दिसायचं.” दुसऱ्या दिवशी म्हणालो, कोंबडी आहे. “कोंबडी कोंबडी आहे हे मला ठाऊक आहे. कशी आहे?” मी म्हणालो, बरी आहे. आईने हात झटकला. म्हणाली, “तू त्या पडवीत दोन वर्षं बस, मग ये.”

मेलेसी, तू विचारलं होतंस पोर तयार आहे का. मी तयार नाही, हे आता कळवतो.

पण आज सकाळी कोंबडी आली तेव्हा तिच्या पाठीवर एक पान चिकटलेलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मी आईला तसं सांगितलं. आई वळली. “कसलं पान?” म्हणून विचारलं. पानाचं तर मला कळतं. मी म्हणालो, पेरूचं आहे. जुनं, तांबूस झालेलं, पण शिरा अजून हिरव्या. एका कडेला किड्याने अर्धचंद्र कातरलाय. देठ ओला आहे, म्हणजे आत्ताच गळलंय. कोंबडी चालते तसं ते डुलतंय, पडत नाही.

आई तिकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, “हां. आता दिसलं.”

झाकेयो